खायला किती, पेरायला किती

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासमोर एक जुना लिंब आहे. दोन तासिकांच्या मधल्या वेळात त्याच्या पारावर विद्यार्थी माना खाली घालून बसलेले असतात. ते निरोपांची देवाणघेवाण करीत असावेत, असा आमचा अनेक वर्षांचा समज होता. एकदा सहज डोकावून पाहिले, तर एम.ए.च्या वर्गातला एक मुलगा नगर वसवीत होता. एल्फ नावाच्या, पाश्चात्त्य लोककथांतून आलेल्या टोकदार कानांच्या अद्भुत प्रजेचे ते नगर होते. त्यात वेलींनी वेढलेली घरे होती, संगमरवराचे कारखाने होते, लाकडी फळ्यांचे आणि पोलादाचेही कारखाने होते. 'एल्व्हेनार' हे त्या खेळाचे नाव. हॅम्बुर्गच्या एका कंपनीने तो २०१५ साली आणला. मुलगा थोडा चिंतेत दिसला. कारण विचारल्यावर म्हणाला, "सर, पोलाद कमी पडतंय." पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात हे वाक्य ऐकून आम्हांला हसू आले. मग आम्ही त्याला विचारले, "ही तुझी प्रजा खाते काय?" त्याने पडद्याकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "खात नाहीत, सर. नुसते राहतात."

हे उत्तर आमच्या डोक्यातून गेले नाही. त्याचा पाठपुरावा करताना नगर वसवण्याच्या या खेळांचा इतिहास आम्हांला धुंडाळावा लागला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या वाटेला का जावे, असे वाचक विचारतील. आख्यानकाव्यातली नगरवर्णने आपण शिकवतो. विश्वकर्म्याने उभारलेली द्वारका आणि मयासुराने रचलेली सभा आपल्या अभ्यासक्रमात असतात. मग आपले विद्यार्थी रोज स्वतःच्या बोटांनी जी अद्भुत नगरे रचतात, तीही वाचून पाहायला हवीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या खेळांचा उगम अद्भुतात नाही, धान्याच्या कोठारात आहे. १९६४ साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात मेबल अॅडिस या शाळाशिक्षिकेने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने 'द सुमेरियन गेम' हा खेळ रचला. संगणक तेव्हा खोलीएवढे असत. खेळणाऱ्यापुढे संगणकाचा पडदाही नव्हता. टंकलेखन यंत्रासारख्या यंत्रावर मजकूर उमटे आणि सहावीतली मुले त्याला आकड्यांत उत्तर देत. मुलाने प्राचीन सुमेरमधील लगाश नगरीचा राजा व्हायचे. हंगामाअखेर कोठारात अमुक इतके धान्य आले, असे यंत्र सांगणार आणि राजाला विचारणार: यातले प्रजेला खायला किती द्यायचे, पेरायला किती ठेवायचे आणि उरलेले साठवायचे किती? कारागिरी, व्यापार, राज्यविस्तार हे सारे नंतरच्या टप्प्यांत येई. पहिल्या राजाच्या कारकिर्दीत एवढाच प्रश्न होता. नगर म्हणजे आधी खाणारी तोंडे आणि मग इमारती, हे अॅडिसबाईंनी मुलांना व्याख्यान न देता शिकवले.

त्या खेळाच्या आधारे १९६८ साली डग डायमेंट यांनी एक छोटी आवृत्ती लिहिली. पुढे १९७३ साली डेव्हिड अॅल यांच्या पुस्तकातून ती 'हमुराबी' या नावाने प्रसिद्ध झाली. नावात एक 'म' गळालेला आहे, कारण त्या काळी नावासाठी आठच अक्षरांची जागा असे. या खेळाची मांडणी खळ्यावरच्या हिशेबाइतकी साधी आहे. प्रजा १००, जमीन १००० एकर, कोठारात धान्याची २८०० मापे. माणशी वर्षाला २० मापे अन्न लागते. एकरी अर्धे माप बी लागते. एक माणूस १० एकर कसू शकतो. पीक कधी चांगले येते, कधी जेमतेम. उंदीर धान्य खातात. साथ आली तर निम्मी प्रजा मरते. एका वर्षात ४५ टक्क्यांहून अधिक प्रजा उपाशी मेली, तर राजाला पदच्युत करून हाकलले जाते. अशी दहा वर्षे काढायची.

हा खेळ आम्ही वर्गात खडू-फळ्यावर खेळायचे ठरवले. मापांच्या जागी 'पोती' हा शब्द घेतला, चार गट केले आणि नियम फळ्यावर लिहून दिले. गणित अवघड नव्हते. खायला २००० पोती, बियाला ५००, म्हणजे ३०० शिल्लक. पण चारपैकी तीन गटांनी प्रजेला पोटभर दिले आणि उरलेल्या ८०० पोत्यांची जमीन विकत घेतली. पेरणी किती एकर, असे विचारल्यावर तिन्ही गट एकमुखाने म्हणाले, "सगळी!" आम्ही विचारले, "बी?" एक मुलगा अगदी सहजपणे म्हणाला, "आणू की, सर. दुकानात मिळतं."

वर्ग हसला नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही. त्या वर्गातली बहुतेक मुले भोकरदन, घनसावंगी, मंठा, अंबड या तालुक्यांतली, शेतकऱ्यांच्या घरची आहेत. कापूस, सोयाबीन, मोसंबी हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. तरीही खायच्या धान्यातून पेरायचे धान्य वेगळे काढावे लागते, ही गोष्ट त्यांच्या अनुभवात नव्हती. यात त्यांचा दोष नाही. यामागे एक इतिहास आहे आणि तो आमच्याच गावातून जातो.

१९६४ साली, म्हणजे अॅडिसबाईंचा खेळ मुलांपुढे आला त्याच वर्षी, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच 'महिको', स्थापन केली. भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाच्या बीजोत्पादनापासून त्यांचे काम वाढत गेले. संकरित बियाणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या या कामाची दखल जगाने घेतली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुन्या बाजारपेठेची. पुढे जालन्याची ओळख बियाण्यांचे गाव अशी झाली. या उद्योगाने परिसरातल्या अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले. संकरित वाणांनी उत्पादन वाढवले. त्याबद्दल कृतज्ञता न ठेवणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पण संकरित बियाण्याचा एक निसर्गधर्म आहे. दोन वाणांच्या संकरातून आलेले पहिले पीक जोमदार असते. त्याच पिकाचे दाणे पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, पीक एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो. म्हणून बी दर वर्षी नवे घ्यावे लागते. अनेक पिकांत हे बी तयार करण्यासाठी फुलाफुलावर हाताने परागीकरण करावे लागते. आमच्या भागात हे बारीक कष्टाचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. तेव्हा बी दुकानात 'मिळते' खरे, पण त्याआधी ते कोणाच्या तरी शिवारात, कोणाच्या तरी बोटांनी घडलेले असते. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि अल्पावधीत कापसाच्या शेतातून घरचे बी जवळपास हद्दपार झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आपण अभ्यासली आहे. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीतली ती कादंबरी आहे. शेतकऱ्याच्या घरातला पेच तीत आहे आणि पेरणीआधीच उभा राहणारा खर्च हा त्या पेचाचा एक धागा आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, चित्र निराळे होते. ज्वारीच्या खळ्यावर टपोरी कणसे आधीच निवडून बाजूला ठेवत. त्यांच्या जुड्या आढ्याला टांगत, किंवा दाणे राखेत घोळवून, लिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवत आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून घेत. घरात बळद असे, कणगी असे, कोठे जमिनीखाली पेव असे. पण बियाचे मडके या सर्वांहून वेगळे असे. जेवणाचे हाल झाले तरी त्याला हात लावायचा नाही, हा नियम कोणी लिहिलेला नव्हता आणि घरातली म्हातारी तो मोडू देत नसे. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान कसे उगवते याकडे ती बारकाईने पाही. तिच्या दृष्टीने ती देवीची पूजा होती आणि बियाची परीक्षाही होती. लगाशच्या राजाला यंत्र जो प्रश्न विचारी, तो प्रश्न आमच्या आज्या दर सुगीला स्वतःला विचारीत.

आता पुन्हा खेळांकडे वळू. अॅडिसबाईंच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? १९८९ साली विल राइट यांचा 'सिमसिटी' आला आणि नगररचनेचे खेळ जगभर पोहोचले. त्यात घरांचे, व्यापाराचे, कारखान्यांचे विभाग आखायचे, रस्ते व वीज द्यायची, कर बसवायचा. खेळाडू राजा राहिला नाही, महापौर झाला, आणि धान्याचे कोठार हिशेबातून गेले. या खेळामागे जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या नगरविषयक ग्रंथातली गणिते होती, तशीच एक साहित्यकृतीही होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांच्या 'सायबेरियाड' या १९६५ च्या कथासंग्रहातील एका कथेत ट्रुर्ल नावाचा यंत्रकार पदच्युत जुलमी राजाला पेटीत मावेल एवढे राज्य करून देतो. हे तर खेळणे, असे त्याला वाटते. त्याचा मित्र त्याला सुनावतो की पेटीतली प्रजा दुःखाने कळवळत असेल, तर ते दुःख खोटे म्हणण्याचा अधिकार तुला कोणी दिला? राइट यांनी या कथेचे ऋण मान्य केले आहे. कथेतला प्रश्न मात्र खेळात उतरला नाही.

अर्थात सर्वच खेळांतून अन्न गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ च्या 'सेटलर्स' या जर्मन खेळात शेतातला गहू गिरणीत जाई, पिठाचा पाव होई आणि अन्न पोहोचले तरच खाणीतला मजूर काम करी. १९९८ च्या 'सीझर' मालिकेतील तिसऱ्या खेळात रोमन नगरातली बाजारची बाई कोठारातून धान्य घेऊन गल्लीबोळांत फिरे. जिथे ती पोहोचत नसे, तिथली वस्ती खालावत जाई. धान्य असणे आणि ते दारापर्यंत जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुष्काळाच्या अभ्यासकांना ग्रंथांतून पटवावी लागणारी ही बाब त्या खेळाने सहज दाखवली.

२००९ साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला आणि २०२० अखेर बंद झाला. तेवढ्या काळात त्याने शेती कधी न केलेल्या कोट्यवधी लोकांना शेतकरी केले. त्यात नाणी मोजून बी घ्यायचे, पेरायचे, वेळेवर कापायचे, पुन्हा नाणी मोजून बी घ्यायचे. पिकातून बी राखण्याची सोय नव्हती. आमच्या विद्यार्थ्याचे "दुकानात मिळतं" हे वाक्य त्या खेळाचा पायाच होता. उलट २०१२ च्या 'हे डे' या खेळात कोठारातला एक गहू पेरला की दोन येतात, आणि सगळा गहू विकून बसलात तर पेरायला काही उरत नाही. हे आम्हांला एका विद्यार्थिनीनेच दाखवून दिले. फळ्यावरच्या खेळात ज्या एका गटाने बी राखले होते, त्या गटातली ती. तिच्या सासरी अजून गावरान ज्वारीचे बी घरीच धरतात. तिला ते खेळाने शिकवले की सासूने, हे आम्ही विचारले नाही.

'एल्व्हेनार'सारख्या अद्भुतरम्य खेळात मात्र खाणारी तोंडे उरत नाहीत. घरे बांधली की लोकसंख्या हा आकडा वाढतो. सुशोभनाच्या वास्तू उभारल्या की संस्कृती हा दुसरा आकडा वाढतो. दोन्ही पुरेसे असले की कारखाना उभा करता येतो. एका नगराला संगमरवर सोपा, दुसऱ्याला पोलाद, म्हणून शेजाऱ्यांशी देवघेव करावी लागते. हा भाग सुंदर आहे. पण प्रजा आजारी पडत नाही, म्हातारी होत नाही, जेवत नाही, सोडून जात नाही. टंचाई एकाच गोष्टीची असते आणि ती म्हणजे वेळ. फळी तयार होण्यास इतके तास, वाडा पूर्ण होण्यास इतके. ज्याला थांबवत नाही, त्याने पैसे देऊन हिरे घ्यावेत आणि वेळ विकत घ्यावा. सुमेरच्या राजाला प्रजेची भूक विचारणारा खेळ साठ वर्षांत राजाचीच भूक विचारू लागला.

आम्ही खेळांच्या विरोधात नाही. भातुकली खेळत मोठ्या झालेल्या समाजाने मुलांच्या खेळावर नाक मुरडू नये. पण भातुकलीकडे नीट पाहिले, तर तिच्यात भात खोटा असला तरी तो कोणाला तरी वाढावा लागतो. बाहुलीला, भावाला, शेजारच्या मुलीला. जेवणाऱ्याखेरीज भातुकली होत नाही.

आपल्या गावगाड्यातही धान्य कोठारात जाण्याआधी वाटले जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त खळ्यावरच्या बलुत्याचा तपशील आला आहे. त्या वाटपाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. वाटा सर्वांना असला तरी तो मानाने कोणाला मिळे आणि कोणाला ओशाळवाणे होऊन घ्यावा लागे, हे दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'ने आपल्याला कायमचे सांगून ठेवले आहे. कोठाराचा प्रश्न नुसत्या गणिताचा नसतो. रांगेत शेवटी कोण उभे आहे, हाही तो प्रश्न असतो.

दामाजीपंतांची कथा आम्हांला इथेच आठवते. मंगळवेढ्याचे दामाजी बहामनी राजवटीतले अधिकारी. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली. बेदरहून बोलावणे आले. दामाजी वाटेत असतानाच विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरून पावती घेऊन मोकळा झाला, असे महिपतींच्या 'भक्तविजया'त, म्हणजे १७६२ च्या ग्रंथात, आपण वाचतो. आजवर आम्ही ही कथा भक्तीचा महिमा म्हणून शिकवली. हमुराबीचा खेळ खेळल्यावर ती निराळी दिसू लागली. कोठार आपले नाही हे दामाजी जाणतात. नियम मोडतो आहोत हेही जाणतात. त्या क्षणी खाणाऱ्याचा हक्क मालकाच्या हक्काच्या वर ठेवतात. कथेत अद्भुत येते ते हिशेब चुकवण्यासाठी नव्हे, तो पुरा करण्यासाठी. आणि तो पुरा करणारा देव दरबारात जातो तो गावगाड्यात शेवटचा वाटा घेणाऱ्याचे रूप घेऊन. आपल्या परंपरेतले अद्भुतही भुकेला विसरत नाही.

हे सारे फार जुने वाटेल, तर १९७२ आठवावे. आमच्या पिढीने तो दुष्काळ पाहिला नाही. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे बायाबापुडे या आठवणी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे शासनावर बंधनकारक झाले. दामाजींनी नियम मोडून जे केले, त्याचाच नियम करण्याचा हा प्रयत्न होता.

वर्गातला खेळ आम्ही दुसऱ्यांदा मांडला. या वेळी चारही गटांनी बी राखले. तिसऱ्या वर्षी उंदरांची चिठ्ठी निघाली आणि बी राखणाऱ्या त्याच विद्यार्थिनीच्या गटाला पेरणीसाठी ४० पोती कमी पडली. माणसे उपाशी ठेवायची की जमीन पडीक, एवढेच पर्याय खेळात होते. तिने फळ्याकडे पाहिले, मग शेजारच्या गटाकडे वळून विचारले, "ताई, चाळीस पोती देता का? सुगीला परत करते." शेजारच्या गटाने आमच्याकडे पाहिले. नियमात तशी तरतूद नव्हती, आणि तसे आम्ही म्हणणार होतो. पण तोवर त्यांनी आपल्या शिलकीतून ४० वजा केलेसुद्धा.

त्या दिवशीचे हिशेबाचे कागद आम्ही विभागाच्या कपाटात ठेवले आहेत. 'खायला', 'पेरायला', 'शिल्लक' हे तीन रकाने आम्ही आखून दिले होते. त्या गटाच्या कागदावर समासात, हाताने रेघ ओढून, चौथा रकाना पाडलेला आहे. त्यावर लिहिले आहे: 'उसने'.